सकाळी साडेआठचा पाऊस, मराठीत

काकांच्या अटी सरळ होत्या. पाऊस मोजणाऱ्या यंत्राला इंटरनेट लागता कामा नये, कारण पावसाळ्यात आमच्या वाडीत रेंज असते तेव्हा लाईट नसते आणि लाईट असते तेव्हा रेंज नसते. लाईट गेली-आली तर कुणी उठून बटण दाबणार नाही. आणि रोज सकाळी साडेआठला गेल्या चोवीस तासांचा पाऊस पडवीतल्या खांबावर दिसला पाहिजे, मराठीत. "मोठ्या अक्षरात कर. तुझ्या काकूला चष्मा शोधायला लावू नकोस," एवढं सांगून ते सुपारी कातरायला लागले.

चिपळूणपासून थोडं आत, चढावर आमचं घर आहे. काका निवृत्त शिक्षक. खळ्यातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. साडेआठ ही वेळ मात्र त्यांची नाही, हवामान खात्याची. खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा आपण सगळे सांगतो, तोसुद्धा २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा काकांना रात्रीच उठून मापकातली बाटली रिकामी करावी लागली होती. सत्तरी उलटलेली, लाईट गेलेली, खळं शेवाळलेलं. तेव्हापासून हे काम माझ्या डोक्यात होतं.

हाताशी रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी हा तळहाताएवढा संगणक होता. २०१६ सालचा बोर्ड, एक जीबी रॅम. पाऊस मोजायला एवढा संगणक कशाला, दोन-चारशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरवर भागतं, असं मित्रांनी ऐकवलं, आणि नुसतं मोजायचंच असतं तर त्यांचं बरोबर होतं. पण मराठी अक्षरं पडद्यावर नीट जुळवून आणायची तर लिनक्सचा आधार असणं बरं. तो भाग पुढे येईलच.

आधी पाणी. मापकाचा प्रकार टिपिंग बकेट. फनेलच्या खाली सी-सॉसारखी डुलणारी, दोन खणांची एक छोटी पन्हळ असते. एका खणात ठरावीक पाणी साठलं की ती कलंडते, पाणी खाली सांडतं, दुसरा खण फनेलखाली येतो. पन्हळीला चिकटवलेलं चुंबक प्रत्येक कलंडण्याला रीड स्विचसमोरून जातं आणि स्विच क्षणभर जुळतो. फनेलचं तोंड आतून १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे २० मिलिलिटर पाणी. खण ४ मिलिलिटरला कलंडला तर एक ठोका ०.२ मिलिमीटरचा. पन्हळ पुण्यात एका मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर काढली, चुंबक एपॉक्सीने बसवलं. कलंडून सांडलेलं पाणी वाया न घालवता खाली काकांच्या जुन्या बाटलीतच सोडलं. यंत्र बंद पडलं तरी पाणी बाटलीत आहेच, आणि काकांना पडताळणीही करता येते. या एका गोष्टीमुळे काका या प्रकाराला तयार झाले असं माझं मत आहे.

पन्हळ जुळवायला मेडिकलच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला. त्याचं ते चाक फिरवून थेंबांचा वेग इतका छान आवरता येतो की याहून चांगलं साधन मला सुचलं नाही. एक लिटर पाणी थेंबथेंब सोडलं की २५० ठोके पडायला हवेत. कमी पडले तर पन्हळीखालचे स्क्रू थोडे वर घ्यायचे, जास्त पडले तर खाली. हे जमलं, आणि मग चाक उघडून धार मोठी केली तर त्याच एका लिटरला ठोके कमी पडायला लागले. कारण पन्हळ कलंडायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात वरून येणारं पाणी आधीच भरलेल्या खणात पडून मोजणीबाहेर सांडतं. पुण्याच्या रिमझिमीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. कोकणात मात्र नेमक्या जोराच्या सरीतच आकडा मागे पडतो, म्हणजे ज्या दिवसासाठी मापक बसवायचा त्याच दिवशी तो खोटं बोलणार. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक छोटं कोष्टक ठेवलं: दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी एका ठोक्याची किंमत ०.२ पेक्षा थोडी जास्त.

खळ्यापासून पडवीपर्यंत तार बरीच लांब जाते, आणि जूनच्या विजांचा भरवसा नाही. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, पाच व्होल्टही त्यांना सोसत नाहीत. तेव्हा नेटवर्किंगची उरलेली कॅट-६ केबल वापरली, रीड स्विच तिच्या एका पिळलेल्या जोडीवर घेतला आणि मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर टाकला. तारेवरची लफडी त्या चिपच्या पलीकडेच राहतात, अलीकडे येतो तो नुसता प्रकाश. घरावरच वीज पडली तर हेही उपयोगाचं नाही. पण लांब कडाडली की उगीच पडणारे ठोके यामुळे थांबले.

ठोके मोजणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला. पिनची अवस्था फाइल वाचावी तशी वाचायची जुनी पद्धत अजून बऱ्याच जणांच्या हातात बसलेली आहे. पण लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ६.६ आवृत्तीपासून पायवर त्या पद्धतीतले पिनांचे क्रमांक ५१२ पासून सुरू होतात, त्यामुळे १७ नंबरची पिन तिथे ५२९ म्हणून भेटते आणि जुना कोड मुकाट बसतो. म्हणून थेट लिबजीपीआयओडी ही पिना हाताळणारी तयार कोडची लायब्ररी घेतली. या लायब्ररीच्या दोन पिढ्या आहेत, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही: फंक्शनांची नावंच वेगळी. पायवरच्या बुकवर्ममध्ये (डेबियन लिनक्सच्या आवृत्तीत) १.६ आहे, इंटरनेटवरची निम्मी उदाहरणं २ ची. दुसऱ्या पिढीत स्विचची थरथर (एकाच ठोक्यात तो अनेकदा जुळतो-सुटतो) गाळण्याची सोय लायब्ररीतच आहे, १.६ मध्ये ती आपण करायची. ते काही अवघड नाही. ताशी १२० मिलिमीटरचा धोधो पाऊस धरला तरी तासाला ६०० ठोके, म्हणजे सहा सेकंदांनी एक. तेव्हा आधीच्या ठोक्यानंतर २०० मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका खुशाल फेकून द्यावा.

प्रोग्रॅम कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालणाऱ्या फाइलीत (बायनरीत) रूपांतर करायची, जागा हा वादाचा विषय आहे. पायवरच करावं म्हणणारे आहेत, आणि शंभर ओळींच्या प्रोग्रॅमला त्यांचं म्हणणं ठीक आहे. पण मला पुढे अक्षरांच्या लायब्रऱ्या लागणार होत्या आणि दर बदलाला पायच्या मेमरी कार्डावर घासाघीस नको होती, म्हणून पायसाठीची बायनरी लॅपटॉपवर बांधायची, म्हणजे क्रॉस-कंपाइल. लॅपटॉपवर उबंटू २४.०४. एआर्क६४ चा, म्हणजे पायच्या ६४-बिट प्रोसेसरसाठीचा, कंपायलर टाकला, एकही इशारा न देता बायनरी तयार झाली, पायवर नेऊन चालवली, आणि उत्तर आलं की जीलिबसी (सी प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) २.३८ सापडत नाही.

उबंटू २४.०४ वर जीलिबसी २.३९ आहे, बुकवर्मवर २.३६. हे माहीत असूनही चक्रावायला होतं, कारण प्रोग्रॅममध्ये २.३८ मधलं नवं काहीच नव्हतं. ऑब्जडंप या साधनाने बायनरी उलगडली तेव्हा गुन्हेगार दिसला: मजकुरातून आकडे वाचणारा आपला रोजचा एसस्कॅनएफ. २.३८ पासून, जीएनयूच्या जादा सोयी चालू असल्या तर, हेडर फाइली त्याला गुपचूप 'आयसोसी२३' असा उपसर्ग लावलेल्या नव्या फंक्शनाकडे वळवतात, कारण सी भाषेच्या सी२३ या नव्या प्रमाणात ०-१ मध्ये लिहिलेले आकडे वाचायची नवी रीत आली. आपण लिहितो एक, बायनरीत जातं दुसरं. जुन्या पायला ते नाव ठाऊकच नाही. कोष्टकाची फाइल वाचायला वापरलेल्या एका ओळीने सगळं अडवलं होतं. तिथून पुढे लॅपटॉपवर डॉकरमध्ये डेबियन बुकवर्मचाच कंटेनर, म्हणजे एक वेगळा कप्पा, ठेवला, त्यात आर्म६४ (एआर्क६४ चंच डेबियनमधलं नाव) ही दुसरी आर्किटेक्चर जोडली आणि लायब्रऱ्या त्याच्याच आणल्या. जिथे चालवायचं त्याच वयाच्या घरात बांधायचं. यात हुशारी काही नाही, पण पुन्हा ती कटकट झाली नाही.

घड्याळाकडे वळू. पाय ३ ला स्वतःचं घड्याळ नाही. चालू झाला की तो इंटरनेटला वेळ विचारतो, आणि इंटरनेट नसेल तर बंद होताना लिहून ठेवलेली वेळ खरी मानून तिथून पुढे चालू लागतो. रात्री दोन ते पाच लाईट नसली तर साडेआठ वाजतील साडेअकराला. हे टाळायला डीएस३२३१ लावला. हे बारकंसं घड्याळ तापमानानुसार स्वतःला सावरतं आणि वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतं. कॉन्फिग फाइलमध्ये त्याच्या नावाची एक ओळ टाकली की आयटूसीच्या (चिपा जोडायच्या दोन तारांच्या) तपासणीत त्याच्या ६८ या पत्त्याच्या जागी 'यूयू' दिसायला लागतं, म्हणजे कर्नलने त्याचा ताबा घेतला. बंद होतानाची वेळ लिहून ठेवणारं नकली घड्याळाचं पॅकेज काढून टाकायचं. आणि हार्डवेअर घड्याळ लावणारी जी छोटी स्क्रिप्ट आहे तिच्यात सुरुवातीलाच 'सिस्टमडी (लिनक्स चालू करणारी यंत्रणा) असेल तर काही न करता परत जा' अशा अर्थाच्या ओळी असतात, त्या बंद करायच्या, नाहीतर घड्याळ हजर असून कुणी त्याला वेळ विचारत नाही.

बाजारात मिळणाऱ्या त्या निळ्या मॉड्यूलबद्दल एक सांगून ठेवतो. त्यावर सेल चार्ज करणारा मार्ग दिलेला असतो आणि दुकानदार सोबत सीआर२०३२ देतो, जो चार्ज करायचा नसतोच. मॉड्यूलला पाच व्होल्ट दिले तर सेल फुगू शकतो. मी त्या मार्गातला रेझिस्टर काढून टाकला आणि मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवलं. लाकडी खांबावर, कौलारू घरात, चोवीस तास चालणाऱ्या वस्तूत असली जोखीम कशाला?

विजेचं प्रकरण लांबलं, पण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, त्यापुढे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, मल्टिमीटर लावून ५.१ व्होल्टवर जुळवलेला. तरी पाय अधूनमधून मलूल व्हायचा. व्होल्टेजची तक्रार आहे का असं त्यालाच विचारता येतं. उत्तर यायचं ५०००५. हेक्समधल्या (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीतल्या) या आकड्यातला शेवटचा ५ म्हणजे 'आत्ता, या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि मी वेग आवरलाय', पुढचा ५ म्हणजे 'चालू झाल्यापासून असं घडून गेलंय'. कन्व्हर्टरवर ५.१, पायच्या पिनांवर मोजले तर ४.६ च्या खाली. मधली मायक्रो यूएसबीची केबल केसासारखी बारीक तारांची होती. जाड तार थेट सोल्डर केली, आकडा शून्यावर आला. यूपीएस संपून पाय धाडकन बंद होणार हे गृहीतच धरलं होतं, म्हणून मूळ फाइल सिस्टिम ओव्हरलेने फक्त वाचण्यापुरती केली आणि आकड्यांसाठी कार्डावर वेगळं छोटं पार्टिशन ठेवलं. प्रत्येक ठोक्याची एक ओळ. इथे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नेहमीचा, म्हणजे पंधरा-सोळा हजार ओळी. कार्डाला ते काहीच नाही.

आता अक्षरं. पहिला विचार सोळा बाय दोनच्या हिरव्या एलसीडीचा होता, कारण ती घरात पडून होती. तिच्या चिपमध्ये स्वतःची अक्षरं घालायला आठ जागा मिळतात, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांची. देवनागरी अंक दहा. शून्यासाठी इंग्रजी ओ चालतो, तरी नऊ उरतातच. आणि पाच ठिपक्यांत 'र्द्र' बसवणं म्हणजे मुंगीला लुगडं नेसवणं. त्यापेक्षा २.४२ इंची ओएलईडी पडदा आणला. एसएसडी१३०९ चिप, १२८ बाय ६४ ठिपके. आठ ठिपक्यांचा उभा पट्टा म्हणजे एक बाइट, सगळा पडदा १०२४ बाइटांचा, आयटूसीवरून सरळ ढकलायचे. हे सोपं आहे आणि फार समाधान देणारं आहे.

फॉन्टमधून अक्षर उचलायला फ्रीटाइप वापरतात. पण फ्रीटाइपचं काम एका वेळी एक आकृती रंगवणं एवढंच. 'मिमी' लिहायला सांगितलं तर तो म, मग ऱ्हस्व वेलांटी, मग म, मग दीर्घ वेलांटी, अशी कोडपॉइंटच्या (संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या) क्रमाने माळ लावतो, आणि पहिली वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते. 'आर्द्रता' तर बघवेना: र, पाय मोडल्याची खूण, द, पुन्हा खूण, र. पहिलीतल्या मुलाने पाटीवर अक्षरं सुटी-सुटी गिरवावीत तसं. वेलांटी आधी आणणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणं, द आणि र चं जोडाक्षर निवडणं, हे हार्फबझ नावाच्या लायब्ररीचं काम. आपण तिला सगळा शब्द, लिपी आणि भाषा सांगतो. ती फॉन्टमधले नियम वाचून सांगते, की या क्रमाने या आकृत्या घे आणि प्रत्येक इतकी इतकी सरकव. सरकवायचं माप पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतं. ६४ ने भागायला हवं, नाहीतर पहिलं अक्षर दिसतं आणि बाकीचे रत्नागिरीला पोचतात.

भाषा सांगताना नुसतं देवनागरी न म्हणता मराठी म्हणावं. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. काकूंना हा फरक न सांगता कळला. पडद्यावर 'काल' उमटलं तेव्हा, "हा ल आपला आहे," त्या म्हणाल्या.

शेवटची अडचण शिरोरेषेची. पडद्याला ठिपका एकतर पेटलेला माहीत आहे नाहीतर विझलेला, करडा रंग नाही. फॉन्ट मोठा-लहान करताना शिरोरेषा ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मध्ये पडली की एका अक्षरावर ती दोन ठिपके जाड येते, शेजारच्यावर एक, आणि शब्द उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. फ्रीटाइपला एकरंगी पडद्यासाठी रंगव असं सांगितलं की बरंच सुधारतं, पण सगळं नाही. मी सरळ मापं बदलत प्रत्येकाचा नमुना पडद्यावर काढला आणि ज्या मापाला रेघ सगळीकडे सारखी दोन ठिपके आली ते ठेवलं. मोठ्या अंकांना शिरोरेषाच नसते, त्यामुळे ते कुठल्याही मापात देखणे दिसतात. वर बारीक 'कालचा पाऊस', मध्ये खांबापासून ओटीपर्यंत वाचता येईल एवढा आकडा, खाली 'मिमी'. आर्द्रतेसाठी लावलेला सेन्सर मी नंतर काढून टाकला. कोकणात जुलैत आर्द्रता किती, हे विचारायला यंत्र लागत नाही, असं काकांचं मत पडलं आणि मला ते खोडता आलं नाही.

आकडा वहीशी जुळतो का? हलक्या पावसाच्या दिवशी अगदी शेजारी येतो. हवामान खातं ११५.६ मिलिमीटरपासून 'अति जोरदार' म्हणतं, त्या वर्गातल्या दिवशी यंत्र अजूनही थोडं मागे राहतं. काकांच्या बाटलीतला आकडा खरा धरून ते कोष्टक मी दुरुस्त करत असतो, कारण पाणी तेच आहे, फक्त दोनदा मोजलेलं. काका वहीत दोन्ही रकाने लिहितात, यंत्राचा पेन्सिलीने.

बुकवर्मनंतरच्या ट्रिक्सी आवृत्तीवर जायचं तर लिबजीपीआयओडीची दुसरी पिढी येईल आणि ठोक्यांचा भाग पुन्हा लिहावा लागेल, त्यामुळे पावसाळ्यात हात लावायचा नाही असं ठरवलंय. याच कार्डाची एक प्रत करून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पडदा काळा झाला तर कार्ड बदल आणि लाईट लाव, एवढंच शेजारच्या मुलाला शिकवलंय. काकूंची नवी मागणी आली आहे: कालच्या आकड्याशेजारी हंगामाची बेरीजही हवी. ती चार अंकी जाणार, म्हणजे 'एकूण' हा शब्द आणखी लहान मापात बसवायचा, आणि त्या मापाला रेघ एका ठिपक्याची येते. गणपतीत गेलो की बघतो.